काम करायला रजा

देवतळेबाबू ऑफिसचं काम घरी करायचे. आज माझी नातवंडं लॅपटॉप मांडीवर घेऊन तेच करतात आणि त्याचे पगार घेतात. देवतळेबाबूंना त्याबद्दल मेमो मिळाला. तोही माझ्यामुळे. फाइलींचा गठ्ठा सायकलला बांधून ते घरी न्यायचे, सकाळी ओसरीवर सतरंजी टाकून बसायचे आणि पांढरकवड्याच्या आमच्या कचेरीत उगवायचे थेट दुपारी.

हजेरीपट माझ्याकडे असे. वय तिशीचं, पण ऐट अशी, जणू जिल्हा माझ्या लेटमार्कवर चालला होता. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडेपर्यंत कोणी उठायचं नाही, हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. पाळायचे मात्र सगळे. काम संपलं की मी खुर्चीतच स्वेटर विणायची. एक बाही लांब, एक आखूड, पण हजेरी चोख.

"जागेवर दिसत जा," मी त्यांना एकदा सुनावलं.

"मी नाही आलो तं चालते बाई. काम आलं पायजे."

त्या साली कापूस बोंडअळीनं खाल्ला होता. नुकसानीचे अर्ज त्यांच्या टेबलाचे. पोडावरच्या, म्हणजे रानातल्या वस्तीवरच्या, कोलाम बाया कचेरीतली गर्दी पाहून फाटकातूनच परत फिरायच्या. त्यांची बोली येणारे एकटे देवतळेबाबू, म्हणून त्या ओसरीवर येत, माहिती सांगत, अंगठा देत.

नव्या साहेबांनी हजेरीपट उघडला आणि माझी लाल शाई त्यांच्या डोळ्यांत भरली. देवतळेबाबूंनी पूर्ण वेळ जागेवर बसायचं, फाइली कचेरीबाहेर न्यायच्या नाहीत, असा मेमो निघाला. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. त्या आनंदात मी घरी शिरा केला.

देवतळेबाबू आठवडाभर जागेवर बसले. बाया आल्या नाहीत. शुक्रवारी मुदत संपत होती. बिनअंगठ्याचे अर्ज बाद होणार होते. बुधवारी त्यांनी माझ्यापुढे रजेचा अर्ज ठेवला. कारण : कार्यालयीन काम.

काम करायला कोणी रजा घेतं का, म्हणून मी अर्ज परत केला. त्यांनी 'घरगुती' लिहिलं, पण हलले नाहीत.

"फाइली द्या बाई. पोडावर निरोप धाडला आहे. बाया येऊन राह्यल्या."

केबिनमध्ये साहेब खोकले. सापडलो असतो तर दोघंही निलंबित. शेवटी मी कपाट उघडलं, गठ्ठा विणकामाच्या पिशवीत घातला, वर लोकर पसरली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

गुरुवारी साहेबांनी नेमका तोच गठ्ठा मागितला. गावनिहाय यादी करते आहे, उद्या टेबलावर ठेवते, असं मी म्हणाले. आवाज शेळीसारखा निघाला.

शुक्रवारी चारला देवतळेबाबू मागच्या दारानं आले. एकूण एक अर्जावर अंगठा होता. त्यांचे हात मनगटापर्यंत शाईनं निळे झाले होते, डोळे खोल गेले होते. दोन दिवसांत काही खाल्लंत का, मी विचारलं.

"रजेवर आहो ना बाई, नुसता बसूनच होतो," ते म्हणाले, आणि साहेबांची नजर पडायच्या आत रजेवर परत गेले.