शून्य रुपयांची चक्की

आमची चांगली चालती गिरणी मी एका कागदावर बंद पाडली. पाना लागला नाही, हातोडा लागला नाही, नुसती पेन्सिल लागली!

साल १९९७. कोल्हापुरात आमची पिठाची गिरणी होती आणि मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. (म्हणजे घरात माझ्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती.) आण्णांना, माझ्या वडलांना, नवी चक्की घ्यायची होती. अर्धे पैसे जुनी विकून, अर्धे पतसंस्थेचं कर्ज काढून, असा बेत.

"पोरी, जुनीची किंमत किती हुईल, काढ की," आण्णा म्हणाले.

मी कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. ब्याऐंशी साली घेतली, अठरा हजारांना. आयुष्य पंधरा वर्षं. दरसाल घसारा, म्हणजे झिजेची वजावट, बाराशे. खाली दुहेरी रेघ मारून निकाल दिला, "शून्य!"

"शून्य? अगं, पर चालती की ती!"

"पुस्तकात नाही चालत, आण्णा."

पुस्तकातलं म्हटलं की आण्णांना ते पटायचंच.

चार दिवसांनी मुरगूडचे एक गृहस्थ चक्की बघायला आले. मी कॉलेजात होते. पुढचं आईनं सांगितलं.

"धा हजार देतो," ते म्हणाले.

"छे छे! शून्य किंमत हाय तिची. पोरगीनं हिशेब काढलाय."

"बिघडलीया व्हय?"

"बिघडतीय कशानं! सकाळीच दोन पोती दळली की."

"मग आठ तरी घ्या."

"पावणं, लेकीनं शून्य सांगितल्यावर तुमचं आठ हजार कुठल्या तोंडानं घिऊ?"

विकणारा खाली ओढतोय आणि घेणारा वर, असा सौदा कोल्हापुरानं पहिल्यांदाच बघितला असेल! शेवटी अकराशेला चक्की गेली. (त्यातले दोनशे आण्णांनीच टेम्पोवाल्याला दिले.)

आई कडाडली, "अवो, तिला आकडं कळत्यात. तुमाला तर चक्की कळत हुती न्हवं?"

नवी चक्की सगळीच कर्जावर आली. पीठ चटका बसेल इतकं गरम यायचं. "भाकरी चिरतीया," म्हणत गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. दोन वर्षांत गिरणीला कुलूप लागलं, आणि आण्णा उतारवयात कागलच्या एमआयडीसीत वॉचमन झाले. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

महिन्यातून एका रविवारी मात्र ते ज्वारीची पिशवी घेऊन एस्टीनं मुरगूडला जायचे.

"एवढ्या लांब कशाला, आण्णा?"

"पीठ गार येतंय गं तिथलं."

(घरी येईस्तोवर कुठलंही पीठ गारच होणार! पण हे बोलायचं मला धाडस नव्हतं.)

आण्णा वारल्यावर ती पिशवी घेऊन मी मुरगूडला गेले. आमचीच चक्की, तोच आवाज. ते गृहस्थ म्हणाले, "दळून झालं तरी तुमचं वडील तासभर बसायचं हितं. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकीबी त्येच लावून द्यायचं. पैसं घ्या म्हटलं तर घ्यायचं न्हाईत." मी रडले ते पोटभर रडले.

आता मी अकाउंट्सच्या शिकवण्या घेते. परवा एका मुलीनं घसाऱ्याचं गणित सोडवून विचारलं, "मॅडम, मशीनची किंमत शून्य आली. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. "फक्त घरी वडलांना सांगू नकोस."