जागतिक नोंदवहीतले साडू

आपल्या आजाराचा माझ्या साडूंइतका अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या नाशिक रोडला सापडायचा नाही. आजारही तसाच. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी एक अत्यावश्यक संप्रेरक बनवेनाशा होतात. मग माणूस काळवंडतो, गळून जातो आणि त्याला सारखं मीठ खावंसं वाटतं. हा फार थोड्यांना होतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा बढती मिळाल्यासारखा साडूंचा चेहरा खुलला. अशा रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत त्यांची माहिती घालायला बाईंनी परवानगी मागितली, तर सही करून ते पेढे घेऊनच घरी आले. पंगतीत जिलबीला मीठ लावायचे आणि शेजारी बघायला लागला की म्हणायचे, "याची जगात नोंद होते." खिशात इंजेक्शनची डबी. ते कसं द्यायचं हे त्यांनी मेहुणीला, मला, शिवाय कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यालाही शिकवून ठेवलं होतं. "मी पडलो तर आधी टोचायचं, रडायचं ते नंतर." एकच सल होता. नोंदवहीत नाव नसतं. "जन्मभर छापखान्यात नोटांवरचे नंबर तपासले," ते म्हणत, "आता मलाच नंबर पडला."

दरवर्षी बाई ठरलेले प्रश्न विचारून उत्तरं संगणकात भरत. साडू महिनाभर तयारी करत. थकवा किती, या साध्या प्रश्नाला ते दोन पानं वाचून दाखवत आणि बाई बिचाऱ्या त्यातून एक आकडा निवडत. गेल्या वर्षी मेहुणीचा गुडघा दुखत होता, म्हणून मी सोबत गेलो. त्या खेपेला एक प्रश्न नवा होता: घरात आणखी कुणाला हा आजार होता का?

साडूंनी वही मिटली. "माझ्या बहिणीला. कमल. लिहा."

"तपासणी झाली होती का, काका?"

"कुणी करायची? विंचूरला होतो आम्ही. पोरगी काळी पडत चालली म्हणून आई डाळीचं पीठ चोळायची. चोरून मीठ खाते म्हणून मी मारलंय तिला. एकोणिसाव्या वर्षी साध्या तापात गेली."

बाईंनी हात थांबवला. "काका, इथे नाव घालता येत नाही. तपासणी नाही, त्यामुळे 'हो' सुद्धा लिहिता येणार नाही. 'माहीत नाही' असं लिहावं लागेल."

"मला माहीत आहे," साडू म्हणाले. मग मिटलेली वही त्यांनी काखेत मारली. शेवटी तेच म्हणाले, "लिहा. तुमचा नाइलाज आहे."

बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. चोवीस वर्षांच्या नात्यात त्यांना बहीण होती हे मला कधी कळलं नव्हतं. मी विचारलं, "कशी होती हो कमल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं. "फार हसायची," ते म्हणाले. "हसली की उचकी लागायची." घर आलं, रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवली, तरी ते उतरले नाहीत. मीही घाई केली नाही. तिचं चांगलं असं एवढंच त्यांना आठवत होतं, म्हणून तेच ते हळू आवाजात पुन्हा सांगत होते.