इतिवृत्तात न लिहिलेले विनोद

आकानिसीला कंपनीत सगळे 'दरवाजेवाली' म्हणायचे. आधी तिच्या पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि पुढे तिनं स्वतःच ते नाव पत्करलं. आमच्या बेटांच्या देशात, सुवाच्या बंदरात ज्या जहाज कंपनीत ती नोकरीला होती, तिच्या तीन बोटी लांबच्या बेटांना माल आणि माणसं पोचवत. कंपनीत काही मोठं बदलायचं ठरलं की तो बदल योग्य माणसांनी, डोळे उघडे ठेवून आणि एकत्र बसून ठरवला पाहिजे, हे बघणं आकानिसीचं काम. तिनं पद्धत घालून दिली होती: कुठलाही बदल तीन दरवाज्यांतून जाईल. दर दरवाज्याशी सुकाणू समिती बसेल आणि पुढे जायचं, थांबायचं की मागे फिरायचं ते सांगेल.

हे खूळ तिच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी कुण्या साहेबाच्या मनात आलं म्हणून कंपनीनं तिकिटांची यंत्रं आणली. कोणाला विचारलं नाही, कोणाला शिकवलं नाही. ती यंत्रं अजून जिन्याखाली गंजत पडली आहेत आणि शिपाई त्यांच्यावर ओल्या छत्र्या वाळवतात. त्यांच्याशेजारून जाताना आकानिसीचं डोकं रोज तापायचं.

यावेळचा बदल फार मोठा होता. आजवर बोट सुटायच्या दिवशी लोक थेट धक्क्यावर माल आणत. पिठाच्या गोण्या, केरोसीनचे डबे, दालोच्या कंदांची पोती, लग्नाच्या चटया, कधी शवपेटीसुद्धा. बोटीवरचा कारकून खडूनं गावाची खूण मारायचा आणि माल चढायचा. आता सगळं नोंदवायचं शहरातल्या ऑफिसात, मालावर छापील चिठ्ठी लागणार, आणि जिथे चिठ्ठी नाही तो माल धक्क्यावरच राहणार. तिन्ही बोटींना हे एकाच सोमवारी सुरू होणार होतं. संगणकाचं काम सुमिंत्राकडे होतं. चोख बाई! तिची बाजू केव्हाच तयार होती.

समितीचे अध्यक्ष रातू वुनियानी. कंपनीचे अध्यक्ष तर होतेच, शिवाय घराण्यानं सरदार, म्हणून 'रातू'. पांढरा शर्ट, कमरेला लुंगीसारखी गुंडाळलेली कडक इस्त्रीची सुलू, आणि आवाज असा हळू की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागे. बैठक आमच्या रिवाजाप्रमाणे चटईवर, मध्ये यंगोनाचं, म्हणजे मुळं कुटून केलेल्या पेयाचं, लाकडी पात्र. पहिली वाटी रातूंना, मग बाकीच्यांना, मागच्या ओळीतल्या तिन्ही बोटींच्या कारकुनांनासुद्धा. वाटी रिकामी झाली की ओंजळीच्या तीन टाळ्या. त्या झाल्या की आकानिसी विचारायची, "पहिल्या दरवाज्यातून पुढे जायचं का? कोणाला काही अडचण?"

कोणी बोलायचं नाही. रातूंच्या समोर अडचण काढणार कोण? माणसं चटईकडे बघायची, दोघंतिघं भुवया उंचावायची. आमच्याकडे त्याचा अर्थ हो. मग आकानिसी इतिवृत्तात लिहायची, 'सर्वानुमते'.

एकटा बोलायचा तो पेनाया, धक्क्यावरचा मुकादम. पोट सुटलेला, आवाजाचा भोंगा आणि एक नंबरचा बढाईखोर. पण त्याला बोलायची मोकळीक होती. त्याचं गाव आणि रातूंचं गाव एकमेकांचे ताऊ. फार पूर्वी दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच होता, म्हणून आजही या गावच्या माणसानं त्या गावच्या माणसाची मनसोक्त टर उडवायची, त्याच्या ताटातला मासा उचलायचा, त्याच्या म्हाताऱ्या आत्याच्या मयतालाही थट्टा करायची, आणि त्यानं रागावायचं नाही. रागावला तर त्याचीच अब्रू गेली. समोर सरदार असला म्हणून काय झालं, ताऊ म्हणजे ताऊ!

दुसऱ्या दरवाज्याच्या बैठकीत पेनाया म्हणाला होता, "रातू, ही छापील चिठ्ठी तुम्ही बहुतेक माशांसाठी काढलीये. ओल्या पोत्यावरून सुटते आणि थेट पाण्यात! आता मासे तरी शिकतील वाचायला. तुमच्या गावचे काही शिकले नाहीत."

रातू खो खो हसले. "तुझ्या गावाचं सांग रे ताऊ. तुम्ही लोक दालो न शिजवताच खाता. म्हणून घसा खाजतो आणि सारखी बडबड करता."

"खरंय साका," पेनाया म्हणाला; साका म्हणजे आमच्याकडे 'साहेब'. "आणि आता नोंदणीसाठी फोन करायचा, नाही का? आमच्या बेटावर फोनला रेंज येते ती डोंगराच्या माथ्यावर. पिठाची गोणी मागवायला माझी आजी काठी टेकत वर जाणार. वर पोचेस्तोवर तिची भूकच मरेल. तेवढंच पीठ वाचलं!"

सगळी चटई हसली. आकानिसीच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. पेनाया थांबतोय कसला! त्या सोमवारी तिन्ही बोटींच्या कारकुनांच्या दाढा एकदम ठणकणार आहेत, दंतवैद्याला आत्ताच सांगून ठेवा, म्हणाला. बोट मात्र झपझप जाईल, रिकामी बोट हलकी असते ना, असंही म्हणाला. हशा ओसरल्यावर आकानिसीनं डोळे पुसले आणि लिहिलं, 'सर्वानुमते'. थट्टा कोणी इतिवृत्तात लिहितं का? आमच्यापैकी कोणीच लिहिली नसती.

शेवटचा दरवाजा आठवड्यावर आला तेव्हा अहवालाला जोडायला फोटो काढावेत म्हणून ती धक्क्यावर गेली. चिठ्ठ्यांची चाचणी चालू होती. लांबच्या बेटांना जाणाऱ्या बोटीच्या कारकुनाला तिनं विचारलं, "सगळं तयार ना?"

त्यानं भुवया उंचावल्या. "हो बाई. छान आहे."

आकानिसीला बरं वाटलं. फोटो चांगला यावा म्हणून ती धक्क्याच्या कडेला सरकली आणि सहज खाली पाहिलं. खांबांच्या मध्ये, तेलकट पाण्यावर पांढऱ्या चिठ्ठ्या तरंगत होत्या. पुष्कळ. त्यांच्यातून इवले इवले मासे फिरत होते.

तिला पेनायाचं बोलणं आठवलं आणि सवयीनं ओठांवर हसूही आलं. पण ते तिथेच विरलं. माशांचं जर खरं होतं, तर डोंगराचं? दाढांचं? रिकाम्या बोटीचं? अरे देवा, हा माणूस दर बैठकीत सांगत होता आणि आपण पोट धरून हसत होतो!

पेनाया गोदामाच्या सावलीत कोणावर तरी ओरडत बसला होता. आकानिसी तडक त्याच्याकडे गेली.

"मोमो पेनाया," तिनं मामा म्हणून हाक मारली, "ते सगळं खरं होतं?"

"काय, माझा देखणेपणा?"

"थट्टा पुरे. कारकून सोमवारी येणार नाहीत, हे खरं?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आला. "त्यांना कोणी विचारलं का? आजवर कोणाचा माल आधी चढवायचा ते त्यांनी ठरवलं. गावात त्यांना मान आहे तो त्याच्यामुळे. आता एक चिठ्ठी ठरवणार. भांडणार नाहीत ते. आजारी पडतील. आणि बेटांवरच्या एजंटांना शिकवायला तुमचं कोणी गेलंच नाही. कागदावर गेलंय म्हणे."

"म्हणजे सोमवारी बोट..."

"जाईल की. दवाखान्याची औषधं, पीठ, केरोसीन इथे धक्क्यावर, आणि बोट तिकडे. परत जाईल पंधरवड्यानं."

आकानिसीची आई त्याच बेटांपैकी एकावर होती. तिथल्या दवाखान्यात औषधांचं कपाट एकच, आणि ते किती लवकर रिकामं होतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मग बैठकीत हे सरळ सांगा ना, मोमो! असंच, आत्ता मला सांगितलंत तसं."

पेनाया पहिल्यांदाच गंभीर झाला. "सरळ सांगितलं तर मी कोण गं? धक्क्यावरचा मुकादम, सरदाराला शहाणपण शिकवणारा. थट्टेत मी त्यांचा ताऊ. थट्टा सोडली की मी कोणीच नाही. मला आत जायला ती एकच वाट आहे. आणि मी तिथून ओरडून ओरडून दमलो. तुम्हीच टाळ्या देत होता."

हे तिला फार लागलं. लागायलाच हवं होतं म्हणा. दरवाजे तिनं बांधले, कुलपं तिनं लावली, आणि आत शिरायला कोणाला काय परवानगी लागते हे तिलाच सुचलं नाही. 'कोणाला काही अडचण?' असं सरदारासमोर विचारणं म्हणजे न विचारणंच. तिच्या घरात, तिच्या गावात तिनं हे जन्मभर पाहिलं होतं. ऑफिसात शिरल्यावर मात्र ती ते विसरली, जणू चपलांबरोबर बाहेर काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं सुमिंत्राला सगळं सांगितलं. सुमिंत्रानं चहाचा कप खाली ठेवला.

"बापरे. मग अहवालात लाल खूण कर ना, 'थांबा' म्हणून. तुझाच तर नियम आहे."

"लाल खूण केली तर रातू विचारतील कोण म्हणतं. कारकून चटईकडे बघतील. पेनाया विनोद करेल. मग राहिलं कोण?"

"तू. आणि तू तर आतापर्यंत सगळं सर्वानुमते लिहीत आलीस." सुमिंत्रा फटकळ होती, पण वाईट नव्हती. "रातूंनी जाहीर केलंय सोमवारचं. त्यांना चारचौघांत मागे घ्यायला लावलंस तर या कंपनीत तुझं काही खरं नाही, आकानिसी. विचार कर."

तिनं विचार केला. आठवडाभर दुसरं काही केलंच नाही. एकीकडे तिची नोकरी, इतक्या वर्षांनी मिळवलेली जागा. दुसरीकडे ते कपाट. आणि मध्येच जिन्याखालची यंत्रं दिसायची, छत्र्या वाळवणारी.

शेवटच्या दरवाज्याची बैठक. यंगोना कालवली गेली, रातूंनी पहिली वाटी घेतली, तीन टाळ्या वाजल्या. पेनायानं पोट सावरत मांडी घातली आणि तोंड उघडलं, तेवढ्यात आकानिसी म्हणाली, "साका, आज मी विचारणार नाही. आज मी सांगणार आहे."

सगळ्यांच्या माना वर झाल्या.

"मागच्या बैठकांमध्ये काही गोष्टी बोलल्या गेल्या आणि मी त्या लिहिल्या नाहीत. आज त्या सांगते, आणि लिहूनही घेते." तिचे शब्द सुटे सुटे पडत होते. "पहिली. चिठ्ठ्या पोत्यांवरून सुटून पाण्यात पडतात, मासे वाचतात. मी धक्क्याखाली पाहिल्या. दुसरी. नोंदणीच्या फोनसाठी पेनायांच्या आजीला डोंगर चढावा लागेल. बेटांवर कोणालाही शिकवलेलं नाही. तिसरी. सोमवारी तिन्ही कारकुनांच्या दाढा दुखणार आहेत. चौथी. बोट झपझप जाईल, कारण रिकामी असेल."

तेच शब्द. एरवी याच शब्दांवर ही चटई गडगडा हसली होती. आज कोणी हसलं नाही. एका कारकुनानं हळूच गालाला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

रातू वुनियानींनी पेनायाकडे पाहिलं. "ताऊ, ही तुझी थट्टा होती ना?"

पेनायाला संधी होती. एक टोमणा मारला असता तर सगळे सुटले असते, तोसुद्धा. त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मग मान खाली घातली आणि काही बोलला नाही. पेनाया गप्प बसला! त्या खोलीतल्या कोणालाही यापेक्षा मोठा पुरावा नको होता.

रातूंनी रिकामी वाटी पात्राशेजारी ठेवली. मग आकानिसीकडे वळले. आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"तू माझी ताऊ नाहीस."

"नाही, साका."

"माझ्याशी असं बोलायचा तुला काही हक्क नाही."

"नाही, साका." संपलं, असंच तिला वाटलं.

"तोच तर प्रश्न आहे," रातू म्हणाले. "हा पेनाया मला काहीही बोलतो, त्याला त्याची काही किंमत मोजावी लागत नाही. म्हणून मी हसतो आणि सोडून देतो. तुला हे बोलायला केवढी किंमत मोजावी लागेल असं वाटलं असेल, ते मला कळतं. म्हणून तुझं ऐकावं लागेल." "सोमवार रद्द. आधी एकाच बोटीवर करा. कारकून सांगतील तसं. आणि आधी बेटांवर जाऊन या, माणसांना भेटा. कागदावर नको."

वाटी फिरली आणि टाळ्या या वेळी जरा जोरात वाजल्या. सुमिंत्रानं आकानिसीच्या गुडघ्याला हळूच चिमटा काढला. पेनायाला आता राहवेना.

"रातू, मग माझी आजी डोंगरावर चढलीये तिला कोणी तरी खाली बोलवा."

हशा उसळला. रातूही हसले. हसता हसता त्यांनी आकानिसीकडे बोट केलं, आणि त्यांचा आवाज पुन्हा इतका खाली आला की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं.

"हेही लिही," ते म्हणाले. "इथून पुढे हा जे जे बोलेल ते सगळं लिही. आणि शेवटी मला वाचून दाखव, न हसता."