चिमाजीनानांनी निवडलेली फाईल

नाशिकजवळच्या गिरणारे गावातल्या चिमाजीनानांच्या क्रेटमध्ये डागी टोमॅटो सापडला, असं मार्केटात कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तीस वर्षं हा माणूस बांधावर बसून एकेक फळ फिरवून बघत आलाय. एक डागी निघालं की व्यापारी अख्ख्या क्रेटचा भाव पाडतो, हे त्यांचं वेदवाक्य. बायको रंगूबाई म्हणायची, "हे जावई बी असंच निवडत बसतील, अन् पोरगी म्हातारी व्हईल."

पोरीला, म्हणजे स्नेहलला, लग्नापेक्षा पुढचं शिक्षण हवं होतं. हॉलंडच्या विद्यापीठात शेतमालाच्या व्यवस्थापनाला तिला प्रवेश मिळाला होता, पण सरकारची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं, नाहीतर पुण्याची नोकरी होतीच. रविवारी घरी येऊन तिने सगळे कागद फाईलला लावले. "नाना, शुक्रवारी पाचच्या आत नाशिकच्या ऑफिसात द्या, शेवटची तारीख आहे," असं बजावून ती पुण्याला परतली.

आता फाईल हातात आल्यावर नाना गप्प बसतील होय? गुरुवारी दुपारी त्यांनी ती पडवीत उघडली. दहावी, बारावी, पदवीचं पहिलं वर्ष, सगळीकडे फर्स्ट क्लास. दुसऱ्या वर्षी मात्र एका विषयात नापास, बाकीचे काठावर. त्या गुणपत्रकाला मागे हाताने लिहिलेला एक कागद टाचलेला होता. नानांनी तो वाचलासुद्धा नाही. गुणपत्रक टाचणीसकट काढलं, कपाटात साड्यांखाली सारलं, आणि पोरीचं भलं केल्याच्या समाधानात चहा प्यायले.

शुक्रवारी एक वाजता ऑफिसातल्या दीपमाला मॅडमनी फाईल चाळली.

"काका, दुसऱ्या वर्षाचं गुणपत्रक कुठंय?"

"ते डागी व्हतं, मॅडम. म्या काढलं."

मॅडम हसल्या नाहीत. "एक वर्ष जरी कमी असलं तरी अर्ज बाद होतो. पाचच्या आत आणून द्या."

नानांचा चेहरा खर्रकन उतरला. घरी जाताना नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतच अर्धा तास गेला. घरी पोचल्यावर रंगूबाई काय झालं म्हणून विचारत राहिली, पण नानांनी आधी साड्यांखालून गुणपत्रक ओढून काढलं. कागद शर्टाच्या आत घालून ते तसेच मागे फिरले आणि पाचला वीस मिनिटं असताना पुन्हा मॅडमसमोर उभे राहिले.

मॅडमनी गुणपत्रकामागचा कागद उलटला आणि मोठ्याने वाचला. "या वर्षी वडिलांचा पाय मोडला होता. आठ महिने रोज पहाटे माल घेऊन मी मार्केटला जात होते. मजूर, टेम्पो, लिलाव मीच बघत होते, त्यामुळे अभ्यास मागे पडला. माल आणि माणसं सांभाळायला मी तिथेच शिकले. पुढे हेच शिकायचं आहे."

"काका, कामाचा अनुभव आम्ही मागतो तो हाच," मॅडम म्हणाल्या. "नुसते मार्क घेऊन तर सगळेच येतात."

नानांना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. ते आठ महिने ते खाटेवर पडून रोज पोरीला भाव विचारायचे. कॉलेजचं कसं चाललंय, हे एकदाही विचारलं नव्हतं.

फाईल देऊन बाहेर येताच त्यांनी फोन लावला. "स्नेहल, फाईल दिली. पण दुसऱ्या वर्साचं गुणपत्रक म्याच काढून ठेवलं व्हतं गं. लाज वाटली त्याची. परत जाऊन आणलं. तुझे मार्क माझ्या दुखण्यापायी गेले, हे मला आज कळलं."

"नाना, पोच घेतली का?"

"घेतली."

"मग झालं तर. अन् मला त्या मार्कांची कधीच लाज वाटली नाही."

नाना ऑफिसच्या पायरीवर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ढसाढसा रडले.