वरून पडणारं पाणी

आमच्या गावात विहीर होती, पण ती आमची नव्हती. माय दोन घागरी घेऊन ओट्याच्या खाली बसायची. कुणी पाणी ओढायला आली की म्हणायची, "बाई, एवढी घागर भरून दे वो." बाईच्या मनात असलं तर ती वरून पाणी वाढायची. नसलं तर "माही भाजी करपून राह्यली," म्हणून चालू लागायची. मायला तहान लागली असेल तर ती वाकून ओंजळ धरायची. वरून धार पडायची आणि अर्धं पाणी कोपरावरून गळून जायचं. कपाशीच्या वेचणीवर मजुरीला गेलं तरी हीच रीत.

छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव पैनगंगेत सोडले. गावाला ते रुचलं नाही. विहिरीवर पाणी वाढणारे हात आणखी कमी झाले, आणि माय नाल्याच्या रेतीत झिरा खोदून वाटीवाटीनं घागर भरू लागली.

मी तोवर अमरावतीला कॉलेजात गेलो होतो. दिवाळीच्या सुटीत घरी आलो तेव्हा मायनं आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडं काहीतरी मागितलं.

"बाबू, वेचणीवरच्या बाया सांगतात, सहस्रकुंडात पाणी आभाळातून सांडते. मले एकडाव पाह्यचं आहे."

बाबा हसले. "घरी झिऱ्यातलं पाणी पाहून पोट नाही भरलं काय तुहं?"

पण तांड्यावरच्या ओळखीच्या माणसाकडून छकडा त्यांनीच मागून आणला. भल्या पहाटे निघालो. माय, बाबा, धाकटी बहीण आणि मी. फडक्यात भाकरी, ठेचा, कांदे. मायनं दीक्षेचं पांढरं लुगडं नेसलं होतं.

वाटेत मी भाषण देत होतो, हे कबूल केलं पाहिजे. दगडाला नमस्कार नाही, नदीला नारळ नाही, कुठं हात जोडायचे नाहीत. बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ होत्या. कॉलेजात गेल्यापासून मी मायला 'आई' म्हणू लागलो होतो. ती 'ओ' द्यायची, पण जरा थांबून.

सहस्रकुंड दिसायच्या आधी ऐकू आलं. काळ्या खडकांमधून सगळी पैनगंगा धारांनी खाली कोसळत होती. शहरातली पाच-सात माणसं सहलीला आली होती. माय कुणासाठी थांबली नाही. अनवाणी खडकावरून पुढं गेली. बाजूला एक बारीक धार डोक्याएवढ्या उंचीवरून पडत होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. जरा वाकली, आणि तिनं दोन्ही हात एकत्र आणले.

नेमकी त्याच वेळी पैलतीरावरच्या महादेवाच्या देवळात घंटा वाजली.

मी धावत जाऊन तिची मनगटं धरली आणि हात सोडवले. "आई, हे काय चाललंय? आपण बौद्ध आहोत. किती वेळा सांगायचं?"

हे मी शुद्ध मराठीत आणि मोठ्यानं बोललो. शहरातली माणसं ऐकत होती म्हणूनच. त्यांच्यातला एक गृहस्थ बायकोला म्हणाला, "बघ, मास्तर आईला धडा देताहेत." ती हसली.

मायनं ओले हात पदराला पुसले आणि लांबच्या एका दगडावर जाऊन बसली.

बाबा बैलांना कडबा टाकत होते. मी जवळ गेलो तसे मान वर न करता म्हणाले, "काहून वरडला तिच्यावर?"

"ती महादेवाला हात जोडत होती."

"अरे, ओंजळ धरलती तिनं. पाणी प्यायले."

दोन वर्षं मी होस्टेलच्या नळाचं पाणी प्यालो होतो. मायची ओंजळ न ओळखायला तेवढं पुरलं.

मी मायकडे गेलो. "चल, पी ना पाणी."

"राहू दे बाबू. आता तहान नाही."

"मला वाटलं..."

"मले वाटलं," ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "इथं वाढणारं कोणी नाही, मंग पोटभर पेता येईन."

मी लोटा भरून आणला. तिनं तो घेतला आणि बहिणीला पाजला. भाकरी सगळ्यांनी खाल्ली. येताना छकड्यात बहिणीनं विचारलं, "माय, कसं वाटलं वो?" माय म्हणाली, "लय मोठं आहे." बस, तेवढंच.

त्या दिवसाबद्दल तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मायला पुन्हा तिकडं नेईन असं मी दर सुटीत म्हणत राहिलो, आणि दर सुटीत अभ्यासाचं कारण निघत गेलं. ती गेली तोवर नेणं झालं नाही.

अभ्यास मात्र झाला. मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला आणि आमच्या वस्तीतला पहिला.