‘भरपाई’ खोडा म्हणाले

साहेबांनी आधी पेढा खाल्ला. बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "मावशी, तोंड गोड झालं. पोरगा सुटला, नवस फिटला. आता सरकारने अजून काय करायचं?"

मागे रांगेत कोणीतरी हसलं. मीपण हसले बघा. सवयच तशी. तीस वर्षं शिवाजी पार्कला लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. मोठं माणूस हसलं की आपण हसायचं.

पेढे मीच नेले होते. आमच्या नायगावच्या चाळीत चांगलं काही झालं की आधी पेढा, मग बोलणं. भरपाईचा अर्ज द्यायला गेले आणि सरकारी टेबलावर पुडा ठेवला. चूक माझीच.

माझा मुलगा नऊ वर्षं तुरुंगात होता. न केलेल्या खुनासाठी. मग वरच्या कोर्टाने सोडला. पंचविशीत गेला, चौतिशीत आला. अजून संडासला जायचं तर विचारतो, "आये, जाऊ?" मी म्हणते, जा रे बाबा. रडू येत नाही. काहीच येत नाही.

साहेबांनी अर्ज वाचला. "भरपाई खोडा. गरीब विधवेवर दया करून मदत द्यावी, असं लिहा. मग बघतो. आणि पोरगा संशयाचा फायदा मिळून सुटलाय. साधू नाही लागून गेला."

पेन पुढे सरकवलं. मी घेतलं. खरंच घेतलं. कागदाला टेकवलंसुद्धा.

लिहायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. आपली आपण. तुरुंगात त्याला पत्र धाडायचं, ते दुसऱ्याकडून कसं लिहून घेणार? प्रत्येक पत्रात एकच. तू केलं नाहीस, मला ठाऊक आहे. त्याच हाताने आता दया लिहू?

"खोडणार नाही," मी म्हणाले.

"मग अर्ज घेणार नाही."

"तसं लिहून द्या. सही करा, शिक्का मारा."

आता कोणी हसलं नाही. साहेब शिपायाला म्हणाले, "ह्यांना बाहेर बसव."

बसले. दाराबाहेरच्या बाकावर, ऑफिस बंद होईस्तोवर. काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले. पोरगा म्हणतो, "आये, सोड ना." नाही सोडणार.

भरपाई द्यायचा कायदाच नाही म्हणतात. नसेल. मग कागदावर लिहा, की ह्या माणसाची नऊ वर्षं आम्ही घेतली आणि आम्ही त्याचं काही देणं लागत नाही. खाली नाव घाला. तो कागद हातात पडेपर्यंत रोज सकाळी दहाला मी त्या बाकावर असणार.