निवेसची दोरी

व्हेनिसला लोक प्रेम करायला येतात. येऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण प्रेम करायला आलेल्या माणसाला वांगी नको असतात, आणि मी भाजी विकते. निवेस बुझेत्तो हे माझं शेवटचं रोजचं गिऱ्हाईक. ती गेल्यापासून मीही कापलेल्या फळांचे पेले विकायला लागले आहे.

माझ्या दुकानासमोरच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. तिच्या खिडकीपासून समोरच्या खिडकीपर्यंत कपड्यांची दोरी होती, दोन्ही टोकांना कप्पी. समोर तिची मैत्रीण इडा राहायची. दोघींनी एकाच दोरीवर संसार वाळवला. नियम एकच, पावसाचा पहिला थेंब जिला दिसेल तिनं कपडे ओढून घ्यायचे, ते कुणाचे हे बघायचं नाही. खालून जाणारा माणूससुद्धा ‘निवेस, पाऊस’ अशी हाक दिल्याशिवाय पुढं जात नसे. कपडे पावसात राहिले म्हणजे घरात कुणीतरी गेलं, असंच आम्ही इथं समजतो.

दोन्ही घरं इडाची. ती वारली आणि तिचा मुलगा दारिओ मालक झाला. त्यानं आईचं घर रंगवून फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना रोजच्या भाड्यानं द्यायला काढलं. मग एक दिवस निवेसकडे आला.

“मावशी, तू आता पुलापलीकडे मेस्त्रेला लेकीकडे जा. तिकडे लिफ्ट आहे.”

“लिफ्ट आहे रे. पण खिडकी उघडली की समोर दुसरी लिफ्टवाली इमारत. मला या घरातून आडवीच न्या.”

हे ती मलाही सांगायची. नवरा याच खोलीत गेला, याच पायऱ्यांवरून त्याला होडीत ठेवला. तिलाही तसंच जायचं होतं, बाकी कसलीही हौस उरली नव्हती.

पुढच्या खेपेला दारिओ मिठाईचा पुडा घेऊन आला. पाहुण्यांना म्हणे सगळ्यात आवडली ती समोरच्या आजीची दोरी.

“राहा मावशी, कितीही दिवस राहा. फक्त कपडे रोज दिसले पाहिजेत. पांढऱ्या चादरी असतील तर उत्तम. नायलॉन नको.”

“तुझी दुपटी याच दोरीवर वाळलीत. तेव्हा कुणी फोटो काढले नाहीत.”

“तेव्हा आईला सुचलं नाही.”

निवेस हसली आणि तिनं मान्य केलं. मलाही तेव्हा वाटलं, स्वस्तात सुटली.

पण एकट्या बाईचे कपडे मळून मळून किती मळणार? ती कपाटातल्या स्वच्छ चादरी काढायची, भिजवायची, पिळायची, वाळत घालायची. खांदा आधीच धरलेला. “आज काय धुतलंस?” मी विचारायची. “कालचंच,” ती म्हणायची. खाली जोडपी चादरीखाली उभी राहून मुके घ्यायची. “बाजूला व्हा, ठिबकतंय,” असं ती वरून सांगायची, तर जोडपी हात हलवून हिचाच फोटो काढायची. त्यांचा तरी काय दोष म्हणा. पण मला राग यायचा.

गेल्या शरदात एका सकाळी पाऊस आला. मी पेट्या झाकत होते. दारिओ नवं जोडपं आणि त्यांच्या बॅगा घेऊन गल्लीत उभा होता. वर कप्पी कुरकुरली.

“मावशी, राहू दे ना. हे आत्ताच आलेत. पावसात तर कपडे आणखीच छान दिसतात.”

निवेसचा हात दोरीवर थांबला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“इडा असती तर खाली येऊन तुला एक ठेवून दिली असती,” ती आवाज न चढवता म्हणाली, आणि एकेक कपडा आत घेतला.

दुपारी ती दुकानात आली. काही घेतलं नाही.

“लेकीला फोन केलाय. रविवारी न्यायला येतेय.”

“अगं, एवढ्याशावरून?”

“मी दमले गं, ब्रुना. घर सुटू नये म्हणून सगळं केलं. पण मी घरात कुठे राहत होते? मी त्याच्या खिडकीसमोर राहत होते.”

रविवारी ती गेली. स्वतःच्या पायांनी, कठडा धरत.

तिच्या घरातही आता पाहुणे आहेत. दारिओनं जुन्या बाजारातून एक पुरुषी सदरा, दोन चादरी आणि लेस लावलेला परकर आणून दोरीवर टांगला आहे. तो परकर कुठल्याच बाईच्या मापाचा नाही.

काल पाऊस लागला. सवयीनं माझ्या तोंडून गेलं, “निवेस, पाऊस.” वरची खिडकी उघडली. ओल्या केसांची एक मुलगी माझ्याकडे बघून गोड हसली, कपड्यांचा फोटो काढला आणि खिडकी लावून घेतली. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. तेवढ्यात फोन वाजला.

“इकडे पाऊस आलाय,” निवेस म्हणाली. “तिकडे?”

“इथंही आहे.”

“आणि दोरीवर काही आहे का?”

मी वर बघितलं. परकरातून पाण्याची धार लागली होती.

“होतं. घेतलं आत,” मी म्हटलं. “मी ओरडले, लगेच ओढलं त्यांनी.”



“चांगली माणसं दिसतात,” ती म्हणाली.